दुसऱ्या संघाचा सराव सामना कोण बघतं?

हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून कुकरच्या शिट्ट्या आल्या, तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय, त्यामुळे वाचताना कुठे वाक्य लांबलं तर चालवून घ्या.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आला. त्याचा आतेभाऊ मेलबर्नला असतो. त्या आतेभावाने त्याला एक व्हिडिओ पाठवला. हिरवंगार लंबगोल मैदान, बिनबाह्यांचे टी-शर्ट घातलेले खेळाडू, अंड्यासारखा चेंडू, आणि दोरीच्या पलीकडे थंडीत कॉफीचे कप धरून उभी असलेली शंभरेक माणसं. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या क्लबच्या रिझर्व्ह टीमची प्रॅक्टिस मॅच.’ आपल्या श्रोत्याचा प्रश्न सरळ होता: “दादा, दुसऱ्या टीमची मॅच, ती पण सरावाची, तिचे पॉइंटही कुठे धरत नाहीत. मग ही माणसं बघतायत काय?”

प्रश्न मला जाम आवडला. कारण त्याचं उत्तर द्यायला मेलबर्नला जायची गरज नाही. मी राहतो हिंजवडीत, म्हणजे मुळशी तालुक्यात. आयटी पार्कमधल्या निम्म्या लोकांना आपण मुळशीत काम करतो हे माहीतच नसतं, त्यांच्यासाठी मुळशी म्हणजे पावसाळ्यातली भजी आणि धरण. पण याच तालुक्यात पौड, पिरंगुट, माण, घोटावडे, कोळवण या पट्ट्यात कुस्तीच्या तालमी आहेत आणि कबड्डीची मंडळं आहेत. आणि म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, जे १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, ते हिंजवडीपासून गाडीने जवळ आहे. ट्रॅफिक नसेल तर. [हसतो] म्हणजे पहाटे चारला.

तर आज ऑस्ट्रेलियन फुटबॉल थोडं आणि कबड्डी जास्त.

आधी तो लंबगोल मैदानाचा खेळ पटकन समजून घेऊ. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये एका बाजूने १८ जण मैदानात असतात. चेंडू लाथेने मारता येतो, हातात घेऊन पळता येतं, मुठीने ठोसून सोबत्याकडे देता येतो. फेकायला मात्र बंदी. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. मैदान किती मोठं? लांबी १३५ ते १८५ मीटर. आपलं पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. मी हिशोब करून बघितला, त्यांच्या एका मध्यम मैदानात आपली शंभराहून जास्त मैदानं बसतात. २०-२० मिनिटांचे चार भाग, वर थांबलेला वेळ वेगळा. पळून पळून जीव जातो, म्हणून खेळाडू सारखे आतबाहेर होत असतात. २०२१पासून एका संघाला एका सामन्यात ७५ अदलाबदलींची मर्यादा आहे. पंचाहत्तर! आणि ही *कमी केलेली* संख्या आहे.

त्यांच्या मोठ्या क्लबकडे चाळीसेक खेळाडू असतात. शनिवार-रविवारच्या सामन्यात त्यातले वीस-बावीस उतरतात. उरलेल्यांनी काय करायचं? घरी बसायचं? त्यासाठी रिझर्व्ह संघ. व्हिक्टोरिया राज्यात दुसऱ्या संघांची वेगळी स्पर्धा १९१९पासून १९९९पर्यंत चालली, पुढे ती राज्याच्या लीगमध्ये मिसळली. पूर्वी पद्धत अशी होती की दुपारी मुख्य सामना आणि त्याआधी त्याच मैदानावर त्याच दोन क्लबांच्या रिझर्व्ह संघांचा सामना. लोक डबे घेऊन सकाळीच यायचे. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, आपल्याकडे उन्हाळा चढायला लागतो तेव्हा, सराव सामने. कधी चारऐवजी सहा भाग खेळवतात, बाकावर नेहमीपेक्षा जास्त पोरं घेतात, गुण लिहितात पण कुठे नोंदत नाहीत.

आता ती शंभर माणसं. त्यातले काही खेळाडूंचे आईवडील असतात, हे उघड आहे. पण बाकीचे जे बघत असतात ते आपल्याला कळेल असंच आहे. पहिल्या संघातला अमुक एकजण गुडघा धरून बसला तर त्या जागी कोण उभा राहणार, हे ते बघत असतात. ते उत्तर मुख्य सामन्यात दिसत नाही. तिथे दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आमच्या धंद्यात याला समांतर एक गोष्ट आहे, ती एकदाच सांगतो आणि सोडून देतो, कारण प्रत्येक भागात सॉफ्टवेअरची उदाहरणं देतो अशी तक्रार आलीय. सगळ्या कंपन्या डेटाचा बॅकअप घेतात. रोज रात्री घेतात. पण तो बॅकअप परत चढवून बघतो कोण? फार थोडे. आणि जो परत चढवून बघितलेला नाही तो बॅकअप आहे की नुसती एक मोठी फाइल आहे, हे ज्या दिवशी सर्व्हर जातो त्या दिवशी कळतं. राखीव खेळाडूंचा सराव सामना म्हणजे बॅकअप चढवून बघणं. झालं, सॉफ्टवेअर संपलं.

आता कबड्डी.

कबड्डीत मैदानात सात, बाकावर पाच. बारा जणांचा चमू. लक्षात घ्या, आपल्या खेळात ‘बाहेर बसलेला’ हा दोन प्रकारचा असतो, आणि बघायला नवीन आलेल्यांचा इथे कायम घोळ होतो. एक म्हणजे बाद झालेला खेळाडू. तो सिटिंग ब्लॉकमध्ये बसतो, पण तो सातातलाच आहे, आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की हा उठून आत येतो. दुसरा म्हणजे राखीव खेळाडू. तो प्रशिक्षकाने बदली केल्याशिवाय आत येत नाही. गंमत म्हणजे मराठीत लॉबीलाही राखीव क्षेत्र म्हणतात, मैदानाच्या दोन बाजूंचा तो एक-एक मीटरचा पट्टा. झटापट सुरू होईपर्यंत तिथे पाय टाकला तर बाद, आणि झटापट सुरू झाली की तोच पट्टा खेळाचा भाग. राखीव खेळाडूचंही तसंच असतं बघा. झटापट सुरू झाल्याशिवाय त्याला कोणी मोजत नाही.

हे सगळं मी नुसतं वाचून सांगत नाहीये. गेली तीन वर्षं मी मुळशीतल्या एका गावाच्या मंडळात रविवारी जातो. खेळायला नाही, माझं शरीर आणि कबड्डी यांचा संबंध शाळेतच संपला. मी गुण लिहितो. सुरुवातीला वहीत लिहायचो, मग फोनवर एक साधी शीट बनवली. कोणी किती चढाया केल्या, किती पकडी, कुठल्या कोपऱ्यातून गुण गेले, असं सगळं. मंडळात वीस-बावीस पोरं. काही कॉलेजची, काही पिरंगुटच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी, दोघं कॅब चालवतात. सर पन्नाशीचे, स्वतः जिल्हा खेळलेले. पावसाळ्यात मुळशीचा पाऊस म्हणजे मातीच्या मैदानावर भातलावणीच करावी, अशी स्थिती. त्यामुळे तेव्हा कोणाच्या तरी शेडमध्ये मॅट टाकून सराव. दिवाळीनंतर जत्रांच्या स्पर्धा सुरू होतात, तेव्हा पुन्हा माती.

निवड चाचणीच्या आधी सर दर रविवारी सराव सामना लावतात. आणि इथे पहिला प्रश्न येतो: संघ पाडायचे कसे?

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे पहिले सात एका बाजूला, उरलेले सात दुसऱ्या बाजूला. पोरांना हेच आवडतं, कारण दुसऱ्या फळीला वाटतं आज दाखवून देऊ. सरांना आवडत नाही. मी शीट बघून सांगतो, त्यांचं बरोबर आहे. पहिली फळी पाच-सहा मिनिटांत लोण देते, थोड्या वेळाने अजून एक देते, आणि अर्धा तास संपेपर्यंत गुणफलकावर असा आकडा असतो की त्यातून काहीच कळत नाही. राखीव चढाईपटू वाईट खेळला म्हणून हरला, की त्याच्या मागे पकड करणारं कोणी नव्हतं म्हणून तो सतत बाहेर बसून राहिला? दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात.

यात कबड्डीचा स्वतःचा एक पेच आहे, जो त्या लंबगोल मैदानावर नाही. आज आपण जी कबड्डी खेळतो तिच्या मुळाशी संजीवनी प्रकार आहे. म्हणजे समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होतो, ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. बोनस गुणाने कोणी जिवंत होत नाही, फक्त गडी बाद केल्यावर. आता विचार करा. एका राखीव पोराला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे. तो पहिल्या चढाईत पकडला जातो. बाहेर बसतो. त्याचा संघ दुबळा, त्यामुळे समोरचा गडी लवकर बाद होत नाही. हा बसून राहतो. पाच मिनिटांनी आत येतो, पुन्हा बाद. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो खेळला दहा मिनिटं आणि बसला तीस मिनिटं. ज्याला येतं तोच खेळत राहतो आणि ज्याला शिकायचंय तो बघत राहतो. नियमाचा दोष नाही हा, सामना म्हणून संजीवनी उत्तमच आहे. पण सराव म्हणून ती कच्च्या गड्यावर अन्याय करते.

यावर आपल्याच खेळात जुना उपाय आहे. महाराष्ट्रात हुतूतू आणि पुढे कबड्डीला नियम लागत गेले त्या काळापासून तीन प्रकार सांगितले जातात: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो, सगळा संघ बाद होईपर्यंत. म्हणजे आणखी कडक. आणि अमरमध्ये बाद झाला तरी कोणी बाहेर जातच नाही, समोरच्याला गुण मिळतो आणि हा आपल्या जागी उभा. आमचे सर राखीव पोरांचा सराव सामना पहिली दहा मिनिटं अमर पद्धतीने खेळवतात. सगळे सात सतत आत. मला हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा इतकं आवडलं की मी विचारलं, “सर, मग पूर्ण सामनाच असा का नाही घेत?”

सर म्हणाले, “मग पोरं मरायला भीत नाहीत.”

पुढच्या रविवारी शीटवर दिसलं ते. अमरमध्ये कोपरारक्षक कशावरही झेप घेतो. चढाईपटूचा पाय अजून निदानरेषेच्या अलीकडे आहे, तरी हा घोट्याला धरायला जमिनीवर. चुकला तर एक गुण जाईल, जाऊ दे. खऱ्या सामन्यात तो चुकला तर गुण जातोच, वर तो बाहेर बसतो, डावा कोपरा रिकामा होतो, आणि पुढची चढाई सहा जणांवर होते. पकडीतला निम्मा शहाणपणा म्हणजे *कधी धरायचं नाही* हे कळणं. ते अमरमध्ये शिकता येत नाही. म्हणून दहा मिनिटं अमर, हातपाय मोकळे करायला, आणि मग संजीवनी, डोकं ताळ्यावर आणायला.

संघ पाडायचं सरांचं सूत्र वेगळं आहे. पहिल्या फळीचा बचाव आणि दुसऱ्या फळीचे चढाईपटू एका बाजूला. दुसऱ्या फळीचा बचाव आणि पहिल्या फळीचे चढाईपटू दुसऱ्या बाजूला. काय होतं ना, यात प्रत्येक चढाईला एक कच्चा आणि एक पक्का समोरासमोर येतात किंवा कच्च्याला पक्क्याची साथ मिळते. राखीव चढाईपटू बाद झाला तरी त्याच्या मागचा बचाव मजबूत, म्हणून तो लवकर जिवंत होतो. पुन्हा चढाई करतो. शीटवर त्याच्या नावापुढे दोन-तीन चढायांऐवजी दहा-बारा चढाया दिसतात. आता काहीतरी बोलता येईल त्याच्याबद्दल.

चढायांचा हिशोब थोडा सांगतो, कारण इथेच राखीव खेळाडूचं खरं दुखणं आहे. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. २०-२० मिनिटांचे दोन डाव, म्हणजे ४० मिनिटं. दोन्ही संघ आलटून पालटून. सामन्यात साधारण ८० चढाया होतात असं धरा, एका संघाच्या ४०. त्यातल्या बहुतेक मुख्य दोन चढाईपटू करतात, तिसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं. आणि तिसऱ्याच्या जागी बदली म्हणून येणाऱ्याच्या वाट्याला? दोन चढाया. तीन. त्यातली एक तिसरी चढाई असू शकते. म्हणजे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. ती अनेकदा राखीव खेळाडूच्याच गळ्यात पडते, कारण मुख्य चढाईपटूला बाद होऊ द्यायचं नसतं! म्हणजे ज्याला सर्वांत कमी सराव आहे त्याला सर्वांत अवघड चढाई. आणि त्या एका चढाईवर लोक ठरवतात, पोरगा बरा आहे की नाही.

सराव सामन्यात हे उलटं करता येतं. सर मध्येच शिट्टी मारतात आणि सांगतात, “गुण २४–२७. आपण मागे. तीन मिनिटं राहिली. तिसरी चढाई. तू जा.” किंवा उलटं, बचावात फक्त तीनच जण ठेवतात. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो, अव्वल पकड म्हणतात तिला. सामन्यात ही वेळ क्वचित येते, पण आली की सामना फिरतो. लोण वाचतं, वर दोन गुण. तर ही वेळ रविवारी सहा-सात वेळा *आणायची*. राखीव पोरांना त्या तिघांत ठेवायचं. पहिल्या फळीचा चढाईपटू आत येतो, तिघांपैकी दोघं एकमेकांकडे बघत राहतात, की कोण धरणार? पहिल्या दोन-तीन वेळा हमखास असंच होतं. चौथ्या वेळी कोणीतरी ‘घे!’ ओरडतो. हा ओरडा पक्का होणं हे सराव सामन्याचं फळ आहे. माझ्या शीटमध्ये त्याला कॉलम नाही.

बचावाचं एवढं का सांगतोय? कारण चढाईपटू एकटा असतो, त्याची बदली सोपी. बचाव ही साखळी आहे. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा कव्हर, हे दोघं वर्षभर एकत्र खेळलेले असतात. कोपऱ्याने घोटा पकडला की कव्हरने कुठल्या क्षणी धडक द्यायची, हे ते बोलून ठरवत नाहीत. त्यातला एक बदलला की दुसराही कच्चा होतो. म्हणून राखीव कोपरारक्षकाला राखीव कव्हरसोबत खेळवून अर्धाच उपयोग. त्याला पहिल्या फळीच्या कव्हरशेजारी उभं करायला हवं, कारण वेळ येईल तेव्हा तोच शेजारी असणार आहे.

आता मोठ्या पडद्यावरचं उदाहरण. पुणेरी पलटण, आपल्या बालेवाडीचा घरचा संघ. प्रो कबड्डीचा आठवा सीझन डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२मध्ये बंगळुरूला झाला, करोनामुळे प्रेक्षकांविना. पलटणकडे चढाईला राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी मोठी नावं होती. पण त्या सीझनमध्ये संघाचा भार शेवटी उचलला तो अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नवीन पोरांनी, जे ‘न्यू यंग प्लेअर’ गटातून आले होते. नवव्या सीझनमध्ये हे दोघंच मुख्य झाले. आणि नेमके प्ले-ऑफच्या वेळी दोघंही दुखापतीमुळे बाहेर! उपांत्य सामन्यात तमिळ थलायवाजविरुद्ध पंकज मोहितेने १६ गुण घेतले आणि पलटण ३९–३७ने जिंकून पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. १७ डिसेंबर २०२२ला मुंबईत अंतिम सामना जयपूरने ३३–२९ने घेतला. पण बघा, ज्यांच्यावर सीझनभर संघ उभा होता ते दोघं नसताना हा संघ चार गुणांनी हरला. त्याच्या पुढच्या सीझनला, १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये, अस्लम कर्णधार, समोर हरियाणा स्टीलर्स, आणि पलटण २८–२५ने विजेती. त्या दिवशीही पंकजचे ९ गुण होते, त्यात एकाच चढाईत चार गुण.

एवढं ऐकून ‘बघा, राखीव फळी असली की झालं’ असं म्हणावंसं वाटतं. थांबा. अकराव्या सीझनमध्ये अस्लमला पुन्हा दुखापत झाली, सीझनच्या मध्यातच तो बाहेर गेला, आणि तेव्हा राखीव फळीला ते जमलं नाही. डिसेंबर २०२४मध्ये प्ले-ऑफ आणि अंतिम सामना चक्क बालेवाडीत झाले, आणि त्यात पलटण नव्हती. मी तिकीट आधीच काढलं होतं. [हसतो] हरियाणा जिंकताना बघितलं. सांगायचं इतकंच की दुसरी फळी असणं हा विमा नाही. कधी चालते, कधी नाही. पण नसली तर कधीच चालत नाही.

आता ते सोडा आणि पुन्हा गावात या, कारण पैशाचा आणि नोकरीचा प्रश्न तिथे आहे.

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ते कुठल्याही प्रमाणपत्रावर मिळत नाही, कुठल्या पातळीची स्पर्धा, कितवा क्रमांक, याचे निकष आहेत. पण त्या वाटेवरची पहिली पायरी एकच: बारा जणांच्या यादीत नाव. सातात असण्याची गरज नाही. बारावा गडी, जो अख्खी स्पर्धा ट्रॅकसूट घालून बाकावर बसला, तोही त्या संघाचाच. पदक गळ्यात पडतं तेव्हा बाराही जणांच्या पडतं. आणि तेरावा? तो घरी. तेराव्यासाठी काहीही नाही, प्रवासखर्चही नाही.

म्हणजे पहिला आणि सातवा यांच्यात जेवढं अंतर आहे त्यापेक्षा बारावा आणि तेरावा यांच्यातलं अंतर आयुष्याच्या हिशोबात मोठं आहे. आणि बारावा-तेरावा कोण, हे मुख्य सामन्यांत ठरत नाही, कारण तिथे ते दोघं खेळतच नाहीत. ते ठरतं शेडमधल्या मॅटवर, रविवारी सकाळी, जिथे प्रेक्षक म्हणजे मी, दोन लहान मुलं आणि शेडमालकाचा कुत्रा.

आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात अशी एक जोडी होती. दोघंही उजवे कोपरारक्षक. एक कॉलेजचा, दुसरा पिरंगुटला रात्रपाळी करून थेट सरावाला येणारा. नावं सांगत नाही. कॉलेजवाल्याच्या पकडी जास्त होत्या, शीटवर स्पष्ट दिसत होतं. मी सरांना आकडे दाखवले. सरांनी बघितले, मान हलवली आणि विचारलं, “हे सकाळी सातचे की नऊचे?” मला कळेना. मग ते म्हणाले, रात्रपाळीवाला सातला येतो तेव्हा झोपेत असतो, नऊ वाजता त्याला बघ. मी आकडे पहिला अर्धा तास आणि शेवटचा अर्धा तास असे वेगळे केले. शेवटच्या अर्ध्या तासात चित्र पूर्ण उलटं होतं. सगळे दमलेले असताना हा एकटा जागा होत होता.

पुढचे दोन रविवार सरांनी सराव सामना दुपारी चारला ठेवला. रात्रपाळीवाला झोपून, जेवून आला. दोघांना आळीपाळीने पहिल्या फळीच्या कव्हरशेजारी उभं केलं. समोर पहिल्या फळीचे चढाईपटू. दुसऱ्या रविवारी तर शेजारच्या गावच्या मंडळालाही बोलावलं, कारण आपलीच पोरं एकमेकांचे डाव ओळखतात, परक्या चढाईपटूसमोर काय होतं ते बघायचं होतं. मी आजवर लिहिलेल्या शीटांमधली ही सर्वांत भरगच्च शीट. एकही गुण कुठल्याही स्पर्धेत धरला गेला नाही. मी मात्र पाणी प्यायलाही उठलो नाही.

चाचणीला बाराव्या जागी रात्रपाळीवाला गेला. कॉलेजवाला तेरावा. तो आठवडाभर आला नाही, मग आला. त्याचं वय त्याच्या बाजूने आहे, असं सर म्हणतात. तो हे ऐकत असेल तर, मित्रा, तुझी बोनस रेषेवरची पकड माझ्या शीटमध्ये अजून पहिल्या नंबरवर आहे.

एक तांत्रिक गोष्ट राहिली, तिच्यावर मला बरेच मेसेज येणार हे माहीत आहे, म्हणून आत्ताच बोलतो: सराव सामन्यातली दुखापत. निवडीच्या तोंडावर पोरं जीव तोडून खेळतात, आणि ज्या सामन्याचा गुण धरत नाहीत त्यात गुडघा गेला तर हंगाम जातो. ऑस्ट्रेलियातही सराव सामन्यांवर हाच मोठा आक्षेप आहे. त्यांचे क्लब म्हणून मुख्य खेळाडूंना अर्धाच वेळ खेळवतात. आमच्याकडे सरांचे दोन नियम आहेत. चाचणीच्या आधीचे शेवटचे सात दिवस पूर्ण सामना नाही. आणि मॅटवर अनवाणी कोणी उतरायचं नाही. मातीची सवय असलेल्या पोरांना बूट नको वाटतात, मॅटवर पाय अडकतो आणि अंग फिरतं. सामना थांबवून सरांनी एकाला बूट आणायला घरी पाठवलेलं मी बघितलंय. तो येईपर्यंत बाराजणं बसून राहिली. कोणी कुरकुर केली नाही, कारण शिट्टी सरांकडे होती.

तर आपल्या श्रोत्याच्या आतेभावाला सांगा, पुढच्या वेळी तो दोरीच्या पलीकडे कॉफी घेऊन उभा राहिला की गुणफलक बघू नको. बाकावरून कोण उठलं, कोणाच्या शेजारी जाऊन उभं राहिलं आणि पहिल्या पाच मिनिटांत त्या शेजाऱ्याने त्याच्याशी किती वेळा बोलला, एवढं मोज आणि व्हिडिओ पाठव. मी शीट पाठवतो.

तुमच्या गावात, कॉलेजात, सोसायटीत कुठल्याही खेळाच्या दुसऱ्या संघाचे सराव सामने होत असतील तर व्हॉइस मेसेज करा. एक मिनिटाच्या आत, आणि कृपा करून बाइक चालवताना नको. पुढच्या भागात कबड्डीतल्या वजनाच्या अटीबद्दल बोलू. चाचणीच्या आदल्या रात्री पोरं जेवत का नाहीत, हे त्यात येईल.